नारिंगी फितीच्या काड्या

मंडळाचे लोक निसर्ग पाहायला निघाले की निसर्गाला त्याची खबर आधीच लागत असावी. एरवी वाहनतळाच्या कुंपणावर ओळीने बसणारे पक्षी त्या सकाळी पार पसार झाले होते. बस थांबली, दार उघडलं आणि हिरव्या टोप्या एकामागून एक खाली उतरू लागल्या. टोपी हिरवी, जाकीट हिरवं, पाठीवरची पिशवी हिरवी. निसर्गात मिसळून जावं म्हणून हा सगळा खटाटोप. किनारा मात्र पांढुरक्या वाळूचा, आणि त्या वाळूवर ही माणसं मैलभरावरून ओळखू येतील अशी उठून दिसायची.

माहिती-केंद्राच्या पायरीवर बाई आपल्या मुलांना घेऊन बसल्या होत्या. उतरणाऱ्या प्रत्येक टोपीकडे त्या चष्म्याच्या वरून बघत होत्या. शाळेत शिकवत असताना उशिरा येणाऱ्या पोरांकडे बघायच्या, तसंच.

"बाई, हे सगळे सैनिक आहेत?" एकाने विचारलं. त्याला सगळे इंजिन म्हणायचे, कारण तो चालताना तोंडाने आवाज करायचा.

"नाही रे. सैनिकांना काम असतं," बाई म्हणाल्या.

सगळ्यात शेवटी अध्यक्ष उतरले. ते बाईंचे धाकटे दीर. त्यांच्या छातीवर मंडळाचा बिल्ला होता, गळ्यात शिट्टी, आणखी एका पट्ट्याला दुर्बीण, आणि कमरेला एक छोटा ध्वनिवर्धक, ज्यातून बोललं की आवाज दूरवर जायचा. माणूस वाईट नव्हता, असं बाईंचे यजमान हयात असताना म्हणायचे. बाईंचं म्हणणं असं की वाईट असायलासुद्धा अंगात थोडी धमक लागते.

"वहिनी, आलात का? वेळेवर आलात. छान," अध्यक्ष म्हणाले.

"आम्ही तासभर आधी आलोय, भाऊजी. तुमची वाट बघतोय."

"हो का? आमच्याकडे मग काय, सगळ्यांना एकत्र जमवायचं म्हणजे..." त्यांनी हात हवेत फिरवला. जणू त्यांनी बसभर माणसं नाही, अख्खं सैन्य हलवलं होतं.

आता त्या दिवशी काय ठरायचं होतं, ते आधी सांगायला हवं. या राखीव किनाऱ्यावर वाळूत अंडी घालणारे छोटे पक्षी येत. चिखल्या म्हणतात त्यांना. मूठभर आकाराचे, वाळूच्याच रंगाचे, काडीसारख्या पायांवर तुरुतुरु पळणारे. घरटं बांधायची पद्धतच नाही त्यांच्यात. वाळूत खळगा करायचा, दोन-तीन ठिपकेदार अंडी घालायची आणि त्यावर बसायचं. ती अंडी आजूबाजूच्या खड्यांत अशी मिसळून जातात की माणूस शेजारून जाईल आणि त्याला दिसणार नाहीत. म्हणून विणीच्या दिवसांत किनारा लोकांना बंद असे. परवानगी दोघांनाच होती. मंडळाला, कारण हे निसर्गप्रेमींचं मंडळ जुनं होतं. आणि बाईंच्या वर्गाला, कारण बाईंनी रेंजरच्या कचेरीत इतक्या खेपा घातल्या होत्या की शेवटी त्यानेच हात टेकले.

बाईंचा वर्ग म्हणजे वाचनालयाच्या मागच्या खोलीत सुटीच्या दिवशी भरणारा वर्ग. फी नाही, परीक्षा नाही. शाळेने ज्यांच्यावर फुली मारलेली असे, अशीच पोरं जास्त. निवृत्त झाल्यापासून बाईंचा जीव त्या खोलीत होता. आणि त्या खोलीत पक्ष्यांबद्दल जे काही शिकवता येत होतं, ते सगळं शिकवून संपलं होतं. आता मुलांना किनाराच दाखवायला हवा होता.

मंडळाला मात्र हे खपत नव्हतं. मुलं आरडाओरडा करतात, मुलं धावतात, मुलांच्या पायाखाली अंडी चिरडतात. अध्यक्षांनी रेंजरच्या कानीकपाळी ओरडून मुलांना बंदी घालायचा घाट घातला होता. रेंजर सरळ माणूस होता, आणि दमलेलाही. एवढा मोठा किनारा, मागची दलदल, टेकडीवरच्या पायवाटा, आणि सांभाळायला तो एकटा. त्याने सांगितलं, दोघेही या, मी बरोबर येतो, आज काय ते ठरवून टाकू. मुलांमुळे अंड्यांना धोका आहे असं दिसलं, तर मुलांचं येणं कायमचं बंद.

म्हणून बाई तासभर आधी आल्या होत्या. आणि म्हणून आज जिभेला लगाम घालायचा, असं त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. तो लगाम वाहनतळातच सुटला, ही गोष्ट वेगळी.

माहिती-केंद्राच्या खोलीत दमट वास होता. काचेच्या कपाटात पेंढा भरलेला एक बगळा एका पायावर उभा होता. दुसरा पाय कुठे गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं. भिंतीवर किनाऱ्याचा नकाशा होता. बटण दाबलं की त्या जागी दिवा लागावा अशी सोय होती, पण सगळी बटणं दाबून दिवा एकच लागायचा, तोही स्वच्छतागृहाचा. मुलांना त्याचीच मजा वाटली. मंडळाचे लोक या खोलीत अर्धा तास उभे राहिले, कारण अध्यक्ष भाषण करत होते. विषय होता मौन. निसर्गात मौन किती महत्त्वाचं, हे ते कमरेच्या ध्वनिवर्धकातून सांगत होते.

"मौन म्हणजे केवळ न बोलणं नव्हे," खोलीत आवाज घुमला. "मौन म्हणजे ऐकणं."

"मग ते ऐकत का नाहीयेत?" बाईंच्या कोपराशी उभ्या मुलीने हळूच विचारलं.

तिला वर्गात टिपकागद म्हणायचे. फार बोलायची नाही, पण समोर जे घडेल ते सगळं टिपून घ्यायची आणि दोन दिवसांनी त्यावर एखादा प्रश्न विचारायची. शाळेने तिला मंद ठरवलं होतं. बाईंनी त्या शाळेला काय ठरवलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"ऐकतील हं. त्यांचं बोलून झालं की," बाई म्हणाल्या.

शेवटी सगळे निघाले. पुढे रेंजर, त्याच्यामागे अध्यक्ष, मग हिरव्या टोप्या आणि सगळ्यात मागे मुलं. लाकडी पायवाट दलदलीवरून जात होती. खाली चिखलात खेकडे बिळांच्या तोंडाशी बसले होते. पावलांची चाहूल लागली की सगळे एकदम आत, आणि मुलं थांबली की सगळे एकदम बाहेर. मुलांनी हा खेळ दहा वेळा केला. मंडळाने एकदाही खाली पाहिलं नाही. त्यांच्या दुर्बिणी दूरवर काय दिसतंय ते शोधण्यात गुंतल्या होत्या.

"अंतर ठेवा, अंतर ठेवा," अध्यक्ष मागे वळून म्हणाले. "मुलांनो, रांग. वहिनी, रांग बघा जरा."

"तुमची पोटं रांगेच्या बाहेर येतायत, भाऊजी. आमची मुलं सरळच आहेत."

दोघं-तिघं हसली. अध्यक्षांनी ऐकलंच नाही, असं दाखवलं. ती कला त्यांना उत्तम साधली होती.

दलदल संपली. वाळूचे उंचवटे लागले आणि त्यांच्या पलीकडे किनारा पसरला. त्या पांढुरक्या वाळूत, पाण्यापासून बऱ्याच वर, ठिकठिकाणी पातळ काड्या रोवलेल्या दिसत होत्या. प्रत्येक काडीच्या टोकाला नारिंगी फीत वाऱ्यावर फडफडत होती.

"हे आमचं या वर्षीचं काम," अध्यक्ष थांबून म्हणाले. "मागच्या रविवारी सकाळी आम्ही प्रत्येक घरटं शोधून काढलं आणि शेजारी काडी लावली. म्हणजे चुकूनही कुणाचा पाय पडायला नको. कुणाचा, ते मी सांगत नाही." आणि त्यांनी मुलांकडे पाहिलं.

बाईंना त्या काड्या बघूनच डोकं उठलं. एवढा स्वच्छ किनारा आणि त्यावर कुणाच्या तरी लग्नाची सजावट मागे राहून गेल्यासारख्या ह्या फिती. या माणसाला जिथे जाईल तिथे आपली खूण ठोकल्याशिवाय चैन पडत नाही. लहानपणी घरातल्या प्रत्येक पेल्यावर याने आपलं नाव कोरलं होतं म्हणे. आता पक्ष्यांची अंडीसुद्धा सुटली नाहीत. हे सगळं खरपूस शब्दांत कसं म्हणता येईल, याची जुळणी त्या मनातल्या मनात करू लागल्या.

तेवढ्यात टिपकागदने त्यांचा पदर ओढला.

"बाई, तो कावळा काडीपाशीच का थांबतोय?"

"कुठला कावळा?"

"तो बघा ना. आधी त्या काडीपाशी होता. आता ह्या."

"त्यालाच विचार की," बाई म्हणाल्या. त्यांचं वाक्य नेमकं जुळत आलं होतं, आणि मध्येच कुणी बोललेलं त्यांना नको होतं.

मुलगी कावळ्याकडेच बघत राहिली.

रेंजर पहिल्या काडीपाशी पोचला. खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग दुसऱ्या काडीकडे गेला. मग तिसऱ्या. तिथून तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"खळगे रिकामे आहेत. तिन्ही," तो म्हणाला.

मंडळात कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष स्वतः चौथ्या काडीपाशी गेले, पाचव्या काडीपाशी गेले, आणि परत येताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं. पण त्या दुःखाखाली आणखी काहीतरी होतं, आणि बाईंनी ते ओळखलं. आयुष्यभर परीक्षेचे निकाल लावणाऱ्या माणसाला ते ओळखू येतं. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद होता तो.

"मागच्या रविवारी सकाळी आम्ही होतो. अंडी होती," अध्यक्ष म्हणाले. "दुपारी दलदलीच्या पायवाटेपर्यंत कोण आलं होतं? वहिनींचा वर्ग."

सगळ्यांनी मुलांकडे पाहिलं.

"आठवडाभरात बाहेरचं आणखी कुणी आलं होतं का?" अध्यक्षांनी रेंजरला विचारलं.

"नाही. मी दुसऱ्या टोकाला होतो, पण फाटकाला कुलूप होतं."

"मग झालं तर. मी काही म्हणत नाही. निसर्गप्रेम असतं मुलांना, एखादं अंडं खिशात घालावंसं वाटतं. मुलंच ती."

"आम्ही नाही घेतलं," इंजिन म्हणाला. बाकीची मुलं एकमेकांना खेटून उभी राहिली. काही न करताही आपण काहीतरी केलंय असं वाटणाऱ्या मुलांचे चेहरे कसे होतात, ते बाईंनी पुष्कळ पाहिले होते. अशा चेहऱ्यांसाठीच तर ती मागची खोली होती.

"भाऊजी," बाई म्हणाल्या, "माझ्या मुलांचे खिसे तुम्हाला तपासायचेत का? तपासा. इंजिनच्या खिशात एक बूच आणि दोन शिंपले आहेत, ते मलाच ठाऊक आहेत. आणि मग तुमच्या लोकांचेही तपासू. तुमच्याकडे तर खिसेच खिसे आहेत."

"वहिनी, वैयक्तिक घेऊ नका."

"मुलांना चोर म्हणालात, ते सार्वजनिक होतं का?"

रेंजरने हात वर केला. "मॅडम, मी कुणाला चोर म्हणत नाही. पण तुम्हीच सांगा, मी काय करू? मला पक्ष्यांचं बघायचंय. दोघांत ज्यांच्यावर संशय आहे, त्यांचं येणं मला थांबवावं लागेल."

म्हणजे निकाल लागल्यातच जमा होता. ते खरपूस वाक्य अजूनही बाईंच्या तोंडाशी होतं, पण आता ते बोलून काडीचाही उपयोग नव्हता. माणसाला कितीही टोचलं तरी खळग्यात अंडी परत येणार नव्हती. त्या समोर बघत राहिल्या. नारिंगी फिती. वाळू. कावळा.

कावळा एका काडीपाशी चालत आला. मान तिरकी करून त्याने काडीच्या बुडाशी पाहिलं, चोचीने वाळू जराशी उकरली, आणि मग उडून थेट पुढच्या काडीपाशी उतरला. मधल्या वाळूत त्याने कुठेच पाहिलं नाही.

बाईंच्या कानशिलांत गरम झालं. त्या खाली बघून म्हणाल्या, "मघाशी काय विचारत होतीस गं तू?"

"काही नाही," टिपकागद म्हणाली.

"विचार ना परत. मघाशी मी नीट ऐकलं नाही. चुकलंच माझं."

मुलीने जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. बाई असं म्हणतात याची तिला सवय होती. मोठी माणसं असं म्हणत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. "तो कावळा काडीपाशीच थांबतोय. दुसरीकडे नाही. म्हणजे त्याला कळलंय की काडी आहे तिथे खाऊ आहे. असेल का?"

अध्यक्ष हसले. "बाळ, कावळा काय काड्या मोजत बसतो? शास्त्र असं नसतं."

"मग कसं असतं?" टिपकागदने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

अध्यक्ष दुर्बिणीचा पट्टा नीट करू लागले. बाईंनी ती संधी सोडली नाही. "आता ती शास्त्र सांगेल, भाऊजी, आणि तुम्ही मौन पाळा. मघाशी छान समजावलं होतंत."

"जिथे अंडी नव्हतीच," मुलगी हळू हळू म्हणाली, "तिथे एक काडी लावली तर? तो आला, तर तो काडी बघूनच येतो."

रेंजरने तिच्याकडे पाहिलं. मग एक रिकामी झालेली काडी उपटली आणि लांब जाऊन कोऱ्या वाळूत रोवली. तिथे कुठला खळगा नव्हता की कसला खडा. सगळे उंचवट्यामागे जाऊन आडवे पडले. मुलं एका क्षणात गप्प झाली. मंडळाला वेळ लागला. कुणाची पिशवी वाजत होती, कुणाची चेन, कुणाला वाळू कॉलरमध्ये गेल्याची तक्रार होती, आणि अध्यक्षांच्या कमरेचा ध्वनिवर्धक मध्येच घरघरला.

"बंद करा ते," रेंजर म्हणाला. साहेबबिहेब काही म्हणाला नाही.

कावळा एकटा नव्हता, आता दुसराही आला होता. त्यांना काही घाई नव्हती. जुन्या काड्यांपाशी एक फेरी झाली, आणि मग त्यातल्या एकाला नवी फीत दिसली. तो उडाला आणि नव्या काडीपाशी उतरला. बुडाशी पाहिलं. उकरलं. दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा उकरलं. अंडं मिळेना, तेव्हा वैतागून त्याने ती फीतच चोचीत धरून ओढली.

मुलं दाबून हसली. रेंजर उठून उभा राहिला. "ज्यांना घरटी दिसत नव्हती, त्यांनाच आपण ती दाखवून दिली," तो म्हणाला. आपण म्हणाला तो, पण त्या तीन अक्षरांत मंडळ कुठे बसतं, ते सगळ्यांना कळलं.

कुणालाही वाटेल की आता अध्यक्षांची बोलती बंद झाली असेल. ज्यांना तसं वाटतं, त्यांनी अध्यक्ष पाहिलेले नाहीत. कपड्यांवरची वाळू झटकून होईपर्यंत त्यांनी सगळी मांडणी नव्याने केली होती.

"हेच," ते मंडळाकडे वळून म्हणाले, "हेच आपल्याला तपासायचं होतं. काड्या हा प्रयोग होता. आज त्याचा निष्कर्ष हाती आला. मंडळाच्या कामातला हा फार मोठा टप्पा आहे." हिरव्या टोप्या डोलल्या. एकीने टाळ्यासुद्धा वाजवल्या, मग मौन आठवून थांबली.

"पण ते तर आम्ही पाहिलं," इंजिन म्हणाला.

"आपण सगळ्यांनीच पाहिलं, बाळ."

"नाही. तिने पाहिलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही तेव्हा हसत होता, भाऊजी. आणि मी तेव्हा तुम्हाला टोचायला वाक्य जुळवत होते. दोघांपैकी कुणाचंही लक्ष कावळ्याकडे नव्हतं. तिचं होतं."

अध्यक्ष छातीवरचा बिल्ला चाचपू लागले. वहिनींनी स्वतःलाही त्याच रांगेत उभं केल्यामुळे त्यांची पंचाईत झाली होती.

रेंजरने बाकी वेळ घालवला नाही. सगळ्या काड्या काढायला लावल्या. मुलांनी धावत जाऊन त्या उपटल्या; कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही हे त्यांना बरोबर कळत होतं, आणि धावायला आज कुणी हरकत घेतली नाही. काड्यांची मोळी अध्यक्षांच्या हातात आली. ती घेऊन ते उभे राहिले, आणि बाईंनी तो देखावा मनात जपून ठेवला.

"मुलांना परवानगी आहे," रेंजर बाईंना म्हणाला. "दर महिन्याला आणा. मंडळालाही आहे, फक्त काही रोवायचं नाही. चला, एक घरटं मला ठाऊक आहे. ते मंडळाला सापडलं नव्हतं. मुलांना दाखवतो."

ते घरटं समुद्राने आणून टाकलेल्या एका ओंडक्याजवळ होतं. जवळ गेल्यावर चिखल्याची मादी खळग्यातून उठली आणि एक पंख लोंबवत, लंगडत, लांब पळू लागली. मुलं घाबरली. रेंजरने सांगितलं, तिला काही झालेलं नाही. शत्रूने आपल्यामागे यावं आणि अंड्यांपासून दूर जावं म्हणून ती नाटक करते. मग मुलांनी खाली पाहिलं. तीन अंडी, ठिपक्याठिपक्यांची, खड्यांसारखी. दिसली की दिसतात, डोळा हलला की हरवतात. टिपकागद ओणवी होऊन इतका वेळ पाहत राहिली की तिला उठवावं लागलं.

बाईंना वाटलं, झालं. जे हवं होतं ते मिळालं. आता दर महिन्याला.

सगळे परत फिरले. रेंजर आणि अध्यक्ष बोलत पुढे गेले. बाईंच्या पदराला पुन्हा हलकी ओढ बसली. त्यांनी मागे पाहिलं. ओंडक्यावर कावळा येऊन बसला होता. तिथे काडी नव्हती, फीत नव्हती. होते ते फक्त पावलांचे ठसे, सगळे एका जागी जमलेले. कावळा खाली उतरला आणि त्या ठशांच्या मधोमध चालू लागला, मान तिरकी करून.

बाईंनी टाळी वाजवली. कावळा उडाला, पण लांब गेला नाही. चिखल्याची मादी खळग्यावर परत आली आणि बसली.

"आपण थांबलो तिथे तो आला," टिपकागद म्हणाली. "काडी नसतानापण." मग खालच्या आवाजात, "बाई, रेंजरकाकांना सांगू?"

बाईंनी पुढे चाललेल्या रेंजरच्या पाठीकडे पाहिलं. सांगितलं तर काय होईल ते त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि मुलीलाही दिसत होतं; नाहीतर तिने विचारलंच नसतं. कचेरीच्या त्या खेपा, बाकावर बसून काढलेल्या त्या दुपारी, मघाशी मिळालेलं ते दर महिन्याला. नाही सांगितलं, तर कुणाला कळणार नव्हतं. अध्यक्षांना तर कावळा खांद्यावर बसला असता तरी कळलं नसतं.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"नाही सांगितलं तर तो परत येईल."

"मग सांग. मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू दे."

तिने सांगितलं. मोठ्याने बोलायची सवय नसल्यामुळे पहिले दोन शब्द तिने दोनदा म्हटले. रेंजरने मागे वळून ओंडक्याकडे, ठशांकडे आणि थोड्या अंतरावर वाट बघत बसलेल्या कावळ्याकडे पाहिलं. टोपी काढून त्याने डोकं खाजवलं.

"म्हणजे त्यांना आता काडीची गरज नाही. माणसं पुरतात," तो म्हणाला. "मॅडम, मग मला सगळ्यांनाच बंद करावं लागेल. पिल्लं उडेपर्यंत. तुम्हालाही. मघाशी हो म्हटलं आणि आता..."

"बंद करा," बाई म्हणाल्या.

"सगळ्यांना म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं. "मंडळाला नाही ना?"

"मंडळालाही."

"अहो, पण आम्ही मंडळ आहोत."

"कावळ्याला ते कसं कळणार, साहेब?"

अध्यक्षांनी वर बोलायची धमकी दिली. मंडळाने इतकी वर्षं या किनाऱ्यासाठी काय काय केलं त्याची यादी म्हणून दाखवली; त्यात भाषणं बरीच होती. एका हिरव्या टोपीने विचारलं की मग आता जेवण कुठे करायचं. शेवटी मुलांच्या नादाला लागून हे झालं, असंही अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांच्या हातात अजून ती काड्यांची मोळी होती. अंडी वाचावीत म्हणून आलेला माणूस, अंडी वाचतायत म्हणून संतापला होता.

उंचवट्यांपाशी, जिथून किनारा सुरू होतो, तिथे रेंजरने वाटेवर आडवा दोर बांधला. एक टोक इंजिनने धरलं आणि गाठ मारेपर्यंत ताणून ठेवलं. वाद घालत मागे राहिल्यामुळे मंडळ दोराच्या आतल्या बाजूलाच राहिलं होतं. मग एकेक हिरवी टोपी वाकून दोराखालून बाहेर आली. अध्यक्षांना वाकणं जमेना; पोट, दुर्बीण आणि ध्वनिवर्धक एकमेकांच्या आड येत होते. टिपकागदने पुढे होऊन दोर दोन्ही हातांनी उचलून धरला. अध्यक्ष खालून आले, उभे राहिले, आणि तिच्याकडे न बघता निघून गेले.

बाईंनी ते पाहिलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि या वेळी शब्द जुळवावेही लागले नसते.

"बाई," टिपकागदने विचारलं, "पिल्लं उडायला किती दिवस लागतात?"

बाईंना ते नेमकं ठाऊक नव्हतं. "चल, आपण विचारू," त्या म्हणाल्या, आणि दोघी रेंजरच्या मागे गेल्या.